विश्लेषण : घड्याळ, घाम आणि रक्ताचा थेंब… रोइंगपटूचा कस नेमका कसा लागतो?

जिममधल्या रोइंग मशीनवर दिसणारा एक आकडा देशातल्या कित्येक नौकानयनपटूंचे भवितव्य ठरवतो. हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या शहराने त्यातून काय घ्यावे?

भाईंदर स्थानक सोडून लोकल नायगावकडे निघाली की दोन्ही बाजूंना वसईची खाडी पसरलेली दिसते. मध्ये पाणजू बेट, कडेला मिठागरे, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. या शहराला पाण्याचा तोटा नाही. तरीही मीरा रोड किंवा भाईंदरच्या बहुतेक तरुणांची वल्ह्याशी पहिली गाठ पडते ती पाण्यात नव्हे, तर वातानुकूलित जिमच्या कोपऱ्यात ठेवलेल्या रोइंग मशीनवर. वजन उतरवायला आलेला माणूस त्यावर दहा मिनिटे बसतो, पडद्यावरचे आकडे बघतो आणि उठून जातो.

स्पर्धात्मक रोइंगमध्ये हेच मशीन परीक्षेचे टेबल असते. त्याला ‘एर्गोमीटर’ किंवा बोलीभाषेत ‘एर्ग’ म्हणतात. दोन हजार मीटरचे अंतर त्यावर किती वेळात कापले, यावर शिबिरात कोण राहणार आणि कोण घरी जाणार हे बरेचसे ठरते. चाचणी हवीच, तिच्याशिवाय निवड म्हणजे ओळखीपाळखीचा कारभार. मात्र चाचणीचा आकडा चुकीचा वाचला, तर चांगला खेळाडू कायमचा हातातून जातो. म्हणून ही मोजमापे समजून घेणे खेळाडूइतकेच त्याच्या पालकांसाठी, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि महापालिकेसाठीही गरजेचे आहे.

विहिरी खोदणारा तरुण ऑलिम्पिकला कसा पोहोचला?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाची सुरुवात दत्तू भोकनळपासूनच करावी लागते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव. दुष्काळी पट्टा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करणाऱ्या दत्तूचे वडील २०११ मध्ये गेले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. तोवर वल्हे हातात धरण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात सैन्यदलातील प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याची उंची आणि अंगातली ताकद हेरली आणि त्याला रोइंगकडे वळवले.

त्यानंतर चार वर्षांच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत त्याने एकेरी स्कल्समध्ये रौप्यपदक पटकावले आणि रिओ ऑलिम्पिकचे तिकीट मिळवले. रिओत तो भारताचा एकमेव रोइंगपटू होता आणि एकूण क्रमवारीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले.

या कहाणीतून साधारणपणे जिद्दीचा धडा घेतला जातो. तो चुकीचा नाही. पण दुसरा धडा अधिक उपयोगाचा आहे. रोइंगसाठी लागणारे शरीर आणि इंजिन पाण्यापासून दूर, कोणत्याही गावात असू शकते. ते शोधण्याची पद्धत मात्र हवी. ब्रिटनने २००७ मध्ये ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाची मोहीम राबवून उंच तरुण-तरुणींना चाचणीसाठी बोलावले. त्यातून पुढे आलेल्या हेलन ग्लोव्हरने २०१२ मध्ये हीदर स्टॅनिंगच्या साथीने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. आपल्याकडे दत्तू एका प्रशिक्षकाच्या नजरेला पडला म्हणून सापडला. प्रत्येक तालुक्यात अशी नजर नसते.

दोन हजार मीटरमध्ये शरीरात काय होते?

ऑलिम्पिकची पारंपरिक रोइंग शर्यत दोन हजार मीटरची. बोटीचा प्रकार आणि वाऱ्याची दिशा यांनुसार ती साधारण साडेपाच ते साडेसात मिनिटे चालते. हा कालावधी शरीरासाठी मोठा अडचणीचा आहे. धावण्याच्या शंभर मीटरसारखा तो श्वास रोखून संपवता येत नाही आणि मॅरेथॉनसारखा राखून ठेवताही येत नाही.

सुरुवातीच्या काही सेकंदांत स्नायूंमधला तयार साठा खर्च होतो. पुढच्या मिनिटभरात प्राणवायूशिवाय ऊर्जा तयार होते आणि रक्तातले लॅक्टेट वाढू लागते. त्यानंतरचा बहुतांश भार हृदय आणि फुप्फुसांवर पडतो. शर्यतीतली सुमारे ७० ते ८० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साह्याने तयार होते. शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये पुन्हा सगळा जोर लावायचा असतो, तोही पाय दगडासारखे जड झाल्यानंतर.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. रोइंग हा हातांचा खेळ नाही. बोटीतली बैठक रुळांवर मागेपुढे सरकते. जोर पायांतून निघतो, कंबर आणि पाठीतून पुढे जातो आणि शेवटी हातांनी वल्हे ओढले जाते. म्हणूनच रोइंगपटूच्या चाचण्यांत छातीच्या घेरापेक्षा मांड्या, पाठ, हातांचा पल्ला आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता यांना महत्त्व असते.

एर्ग नेमके काय मोजते?

आज जगभर वापरले जाणारे ‘कॉन्सेप्ट टू’ कंपनीचे मशीन १९८१ मध्ये बाजारात आले. पीटर आणि डिक ड्रायसिगाकर या भावांनी ते तयार केले. साखळी ओढली की पंखा फिरतो, हवेचा विरोध होतो आणि पंखा किती वेगाने मंदावतो यावरून मशीन तुमची शक्ती वॉटमध्ये काढते. पडद्यावर मुख्य आकडा दिसतो तो ‘दर पाचशे मीटरला किती वेळ’ हा. त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात.

बाजूच्या एक ते दहाच्या खटक्याबद्दल जिममध्ये हमखास गल्लत होते. तो दहावर ठेवला म्हणजे व्यायाम जास्त होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो खटका सायकलच्या गिअरसारखा असतो. त्याने ओढ जड किंवा हलकी होते. गुण वाढत नाहीत. शिवाय धूळ साचलेल्या मशीनमध्ये तोच खटका वेगळा विरोध देतो. त्यामुळे गंभीर चाचणीत खटक्याचा आकडा न पाहता मशीनच्या पडद्यावरचा ‘ड्रॅग फॅक्टर’ पाहून सर्वांसाठी तो सारखा ठेवला जातो. हे न करता घेतलेल्या दोन ठिकाणच्या वेळांची तुलना म्हणजे एकाला चढावर आणि दुसऱ्याला उतारावर पळवण्यासारखे आहे.

आठ मिनिटांवरून सात मिनिटांवर येणे किती अवघड?

समजा एखाद्या तरुणाने दोन हजार मीटर आठ मिनिटांत पूर्ण केले. म्हणजे स्प्लिट दोन मिनिटांचा. मशीनच्या सूत्रानुसार हे सरासरी सुमारे २०३ वॉट होतात. सात मिनिटांत तेच अंतर कापायचे तर सुमारे ३०२ वॉट लागतात. वेळ कमी झाली साडेबारा टक्क्यांनी, शक्ती मात्र जवळपास ५० टक्क्यांनी वाढवावी लागली. सहा मिनिटांसाठी ४८० वॉट हवेत.

याचे कारण साधे आहे. वेग वाढला की लागणारी शक्ती त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने एर्गवर ५ मिनिटे ३५.८ सेकंदांची विक्रमी वेळ दिली. ती सूत्रात घातली तर सरासरी ५९० वॉटच्या वर जाते, तीही साडेपाच मिनिटे सलग.

पालकांनी आणि नव्या खेळाडूंनी हे गणित लक्षात ठेवले तर बरीच निराशा टळेल. पहिल्या सहा महिन्यांत वीस-तीस सेकंद सहज कमी होतात, कारण तंत्र सुधारते. पुढचे पाच सेकंद कमी करायला वर्ष लागू शकते. मुलगा ‘अडकला’ म्हणून त्याला ओरडण्याआधी त्याचे वॉट बघावेत.

मग रक्ताचा थेंब कशाला?

दोन हजार मीटरची चाचणी निकाल सांगते, कारण सांगत नाही. दोघांची वेळ सारखी असली तरी एकाचे इंजिन मोठे आणि जोर कमी, तर दुसऱ्याचा जोर भरपूर पण दम अपुरा, असे असू शकते. दोघांना एकच सराव दिला तर एकाचे नुकसान होते.

त्यासाठी टप्प्याटप्प्याची चाचणी घेतात. खेळाडूने एर्गवर काही मिनिटे ठरावीक वॉटवर वल्हवायचे, थोडे थांबायचे, कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि पुढच्या टप्प्यात वॉट वाढवायचे. प्रत्येक टप्प्यावर लॅक्टेट आणि हृदयाचे ठोके नोंदवतात. लॅक्टेट साधारण २ मिलिमोलच्या खाली असेल तर तो दीर्घकाळ चालणारा हलका सराव. ४ च्या आसपास पोहोचले की उंबरठा जवळ आला, असा ढोबळ हिशेब असतो. मात्र हे उंबरठे माणसागणिक बदलतात, म्हणून खेळाडूची तुलना त्याच्याच आधीच्या आलेखाशी करायची असते. त्याच वॉटवर लॅक्टेट आणि ठोके आधीपेक्षा कमी दिसले, तर सराव लागू पडतो आहे असे समजावे.

या मोजमापांनी सरावाची दिशाच बदलली. नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय रोइंगपटूंच्या १९७० ते २००१ या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दशकांत त्यांचा वार्षिक सराव सुमारे ९२४ तासांवरून ११२८ तासांवर गेला होता. पण वाढ झाली ती हलक्या, कमी लॅक्टेटच्या सरावात. शर्यतीच्या वेगाचा आणि त्याहून तीव्र सराव महिन्याला २३ तासांवरून सुमारे ७ तासांवर आला. याच काळात प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला ५.८ लिटरवरून ६.५ लिटरवर पोहोचली. रोज जीव तोडून वल्हवणारा खेळाडू पुढे जातोच असे नाही, हे या आकड्यांनी दाखवून दिले. ‘घाम गाळला की फळ मिळते’ एवढ्यावर चालणाऱ्या आपल्या मैदानी संस्कृतीला हे पचायला अवघड जाते.

एर्गवर पहिला आलेला पाण्यावर मागे का पडतो?

एर्ग जमिनीला टेकलेले असते. ते डगमगत नाही, बुडत नाही, वाऱ्याने भरकटत नाही. जड खेळाडूला तिथे फायदा होतो, कारण त्याचे वजन मशीनला वाहावे लागत नाही. पाण्यात तेच वजन बोट खाली दाबते आणि पाण्याचा विरोध वाढवते. वल्हे पाण्यात कधी टाकायचे, कधी काढायचे, बैठक पुढे आणताना बोटीचा वेग कसा मारायचा नाही, हे कोणतेही एर्ग मोजत नाही.

उलट, पाण्यावरची वेळही आंधळेपणाने घेता येत नाही. रिओत दत्तूने प्राथमिक फेरीत ७ मिनिटे २१.६७ सेकंद, उपांत्यपूर्व फेरीत ६ मिनिटे ५९.८९ सेकंद आणि ‘क’ गटाच्या अंतिम शर्यतीत ६ मिनिटे ५४.९६ सेकंद अशा वेळा दिल्या. तोच खेळाडू, तेच तळे, एकच आठवडा. फरक सुमारे २७ सेकंदांचा. एवढी तंदुरुस्ती आठवड्यात वाढत नाही. वारा, लाटा आणि शर्यतीतली चाल बदलली की घड्याळही बदलते.

यावर तोडगा म्हणून अनेक देश ‘सुवर्णवेळेच्या टक्केवारी’चा हिशेब ठेवतात. प्रत्येक बोटप्रकाराची एक आदर्श वेळ धरायची आणि खेळाडू तिच्या किती टक्के वेगाने गेला ते पाहायचे. पुरुष एकेरीतली जागतिक सर्वोत्तम वेळ ६ मिनिटे ३०.७४ सेकंद ही न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने २०१७ मध्ये पोझनानला दिली. तिच्याशी ताडून पाहिले तर दत्तूची रिओतली सर्वोत्तम वेळ सुमारे ९४ टक्के भरते. हा हिशेब वाऱ्याचा प्रश्न पूर्ण सोडवत नाही. पण एकेरी, दुहेरी आणि चौघांच्या बोटी एकाच फूटपट्टीवर आणतो. त्याच्या जोडीला जीपीएस, वल्ह्यांची दर मिनिटाची गती आणि वल्ह्याच्या खोबणीत बसवलेले शक्तिमापक असे तीन पुरावे एकत्र ठेवले, तर चित्र बरेच स्पष्ट होते.

भाईंदरच्या खाडीत चाचणी घेता येईल का?

घेता येईल, पण हिशेब नीट हवा. वसईची खाडी भरती-ओहोटीची आहे. सहा तास पाणी आत येते, सहा तास बाहेर जाते. त्यात २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सेवेच्या लाटांची भर पडली आहे. ‘जाऊन-येऊन वेळ घेतली की प्रवाहाचा परिणाम आपोआप वजा होतो’, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही.

उदाहरण घ्या. स्थिर पाण्यात सेकंदाला चार मीटर जाणारी बोट आहे आणि प्रवाह सेकंदाला एक मीटर आहे. पाचशे मीटर प्रवाहाबरोबर गेल्यास १०० सेकंद लागतील. परत येताना प्रवाहाविरुद्ध सुमारे १६७ सेकंद. एकूण २६७ सेकंद. स्थिर पाण्यात हेच हजार मीटर २५० सेकंदांत झाले असते. म्हणजे जाऊन-येऊनही १७ सेकंदांचा तोटा उरतोच. वेळांची सरासरी न काढता दोन्ही दिशांच्या वेगांची सरासरी काढली, तर पाच आणि तीनची सरासरी चार, आणि बोटीचा खरा वेग हाती येतो. तोही प्रवाह दोन्ही वेळा सारखा असेल तरच. म्हणून चाचणी शक्यतो भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळेत घ्यावी.

पुण्यात दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्यदलाचे रोइंग केंद्र आहे. तिथल्या पाण्याला भरती येत नाही. त्या केंद्रातल्या वेळा आणि खाडीतल्या वेळा शेजारी ठेवून मुलांना नाकारणे हा अन्यायच ठरेल.

हवामानाचाही विचार हवा. एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात किनारपट्टीवर घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. तेवढ्याच वॉटवर हृदयाचे ठोके वाढत जातात. पुण्याच्या गारव्यात आखलेले हृदयगतीचे पट्टे भाईंदरच्या दमट दुपारी जसेच्या तसे लावले तर खेळाडू हकनाक ‘कमी तंदुरुस्त’ ठरतो. चाचणीच्या नोंदीत तापमान, आर्द्रता आणि वेळ लिहिणे फुकटचे आहे. ते टाळण्याचे कारण नाही.

रोजची देखरेख म्हणजे महागडी उपकरणेच का?

अजिबात नाही. लॅक्टेटच्या प्रत्येक पट्टीला पैसे लागतात, चांगले एर्ग लाखाच्या वर जाते. पण रोजच्या देखरेखीतला सर्वात उपयोगी भाग एका वहीत मावतो.

पहिली नोंद सकाळी उठल्या उठल्या नाडीच्या ठोक्यांची. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि तेही दोन-तीन दिवस सलग दिसले, तर झोप, आजार किंवा अतिसराव यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजून सराव कमी करावा. दुसरी नोंद झोपेची. तिसरी सरावाआधी आणि नंतरच्या वजनाची. एक किलो घटले म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेले. चौथी नोंद सरावाच्या ओझ्याची. सराव किती कठीण वाटला याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचे. दीड तासाचा हलका सराव, चार गुण : ३६०. चाळीस मिनिटांचा कडक सराव, आठ गुण : ३२०. आठवड्याची बेरीज अचानक दीडपट झाली की दुखापत दार ठोठावते. रोइंगमध्ये कंबरदुखी आणि बरगडीला सूक्ष्म तडा जाणे या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि बऱ्याचदा त्यांचे मूळ या अचानक वाढीत असते.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये, याचा धडाही दत्तूच्याच कारकिर्दीत आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आजारी अवस्थेत तो एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या स्थानी राहिला आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीत सुवर्ण घेऊन आला. फक्त पहिल्या दिवसाचे घड्याळ पाहणाऱ्याने त्याला बोटीतून उतरवले असते. अर्थात, तापात शर्यत खेळणे हा शाळकरी मुलांसाठी आदर्श नव्हे. अंगात ताप असताना तीव्र व्यायाम हृदयावर बेतू शकतो. त्या दिवशी विश्रांती हाच सराव.

एका सेकंदाने कोणाला वगळावे का?

हा या विषयातला सर्वात नाजूक प्रश्न. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या रोइंगपटूंनी एर्गवर दोन हजार मीटरची चाचणी पुन्हा पुन्हा दिली. तंदुरुस्ती तीच असूनही त्यांच्या वेळांमध्ये सरासरी ०.६ टक्क्यांचा फरक पडला. सात मिनिटांच्या वेळेत हा फरक अडीच सेकंदांचा होतो. म्हणजे सोमवारी ७:०० देणारा खेळाडू गुरुवारी ७:०२ देऊ शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

नवशिक्यांमध्ये हा फरक आणखी मोठा असणार, हे उघड आहे. अशा वेळी एका चाचणीतल्या एका सेकंदावर शिबिराची यादी कापणे म्हणजे नाणेफेक करून त्याला विज्ञान म्हणण्यासारखे आहे. किमान दोन चाचण्या, काही दिवसांच्या अंतराने; एर्गबरोबर पाण्यावरची चाचणी; आणि निकष आधी लेखी जाहीर केलेले, एवढे तरी प्रत्येक निवड समितीने पाळायला हवे. खेळाडूला स्वतःचा आकडा आणि वगळण्याचे कारण लेखी मिळायला हवे. घड्याळाचा वापर पारदर्शकतेसाठी व्हावा, वाद मिटवण्याच्या सोयीसाठी नव्हे.

मुलामुलींच्या चाचण्या वेगळ्या का असाव्यात?

तेरा-चौदाव्या वर्षी एकाच वर्गातली दोन मुले शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. लवकर वाढलेला मुलगा एर्गवर सहज जिंकतो. दोन वर्षांनी उशिरा वाढलेला त्याला गाठतो, पण तोवर त्याला घरी पाठवलेले असते. म्हणून या वयात वेळेपेक्षा उंची, बसलेली उंची, हातांचा पल्ला आणि वर्षभरातली वाढ नोंदवणे शहाणपणाचे. कमाल वजन उचलण्याच्या चाचण्या आणि दर महिन्याची दोन हजार मीटरची परीक्षा या वयात नकोच.

मुलींच्या बाबतीत आणखी काळजी हवी. सराव वाढवून आहार न वाढवल्यास शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी पाळी थांबवते, हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जाकमतरता’ असे नाव दिले. ती मुलग्यांमध्येही आढळते. सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करून टोमणे मारणारा प्रशिक्षक या आजाराला निमंत्रण देतो.

आणि ही सगळी माहिती कोणाची? पाळीची नोंद, रक्ताचे अहवाल, वजन, झोप हे सारे आज मोबाइल ॲपमध्ये किंवा प्रशिक्षकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हा कायद्याचा दंडक आहे. क्लबांनी हे गांभीर्याने घ्यावे. मुलीचे वजन ग्रुपवर टाकणे म्हणजे देखरेख नव्हे.

२०२८ मध्ये काय बदलणार आणि उत्तनचा त्याच्याशी काय संबंध?

भारतासाठी एक दार बंद झाले आहे. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग लाइटवेट दुहेरीत अकरावे आले. याच जोडीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले. पुरुषांच्या लाइटवेट बोटीत सरासरी वजन ७० किलोपेक्षा जास्त चालत नसे, त्यामुळे सडपातळ भारतीयांना तिथे संधी होती. पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून लाइटवेट प्रकार गेला. आता उंच आणि जड प्रतिस्पर्ध्यांशी थेट सामना. पॅरिसमध्ये एकेरीत उतरलेला बलराज पंवार तेविसावा आला, यावरून अंतर किती आहे ते कळते.

दुसरे दार उघडते आहे. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये ‘बीच स्प्रिंट’ हा किनारी रोइंगचा प्रकार प्रथमच खेळला जाईल : पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी. वाळूवरून धावत बोट गाठायची, बोयांमधून नागमोडी वळणे घेत अडीचशे मीटर आत जायचे, वळून परत यायचे आणि पुन्हा धावत अंतिम रेषा गाठायची. सगळा खेळ अडीच-तीन मिनिटांचा. तिथली पारंपरिक शर्यतही दोन हजारऐवजी पंधराशे मीटरची असेल.

शर्यत बदलली की चाचणीही बदलायला हवी. बीच स्प्रिंटसाठी वाळूतली धाव, पाचशे मीटरचे एर्ग, झटकन वळण्याची क्षमता आणि लाट वाचण्याची समज यांचे मोल जास्त. आणि हीच समज उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज होड्यांना इंजिने लागली. वल्हवण्याची सवय कमी झाली. त्यामुळे कोळ्याचा मुलगा म्हणजे तयार रोइंगपटू, अशा भाबड्या समजुतीला अर्थ नाही. पण समुद्राची भीती गेलेली मुले एकाच किनाऱ्यावर मोठ्या संख्येने मिळणे ही फार थोड्या शहरांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे.

मीरा-भाईंदरने सुरुवात कोठून करावी?

ऑलिम्पिकच्या घोषणेपासून नव्हे. पहिली चाचणी पोहण्याची असावी आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. दुसरी, महापालिका आणि खासगी शाळांमधल्या आठवी-नववीच्या मुलामुलींची उंची, बसलेली उंची आणि हातांचा पल्ला दरवर्षी एकदा मोजून नोंदवावा. त्यासाठी भिंत आणि मोजपट्टी पुरते. तिसरी, शहरात दोन-चार सुस्थितीतील एर्ग एका ठिकाणी ठेवून, सारख्या ड्रॅग फॅक्टरवर, वर्षातून दोनदा खुली चाचणी घ्यावी आणि निकाल ज्याचा त्याला द्यावा. यांपैकी कशासाठीही खाडीत दोन हजार मीटरचा मार्ग बांधावा लागत नाही.

दत्तू भोकनळच्या गावात पाणी नव्हते आणि त्याला हेरणारा माणूस भेटला. भाईंदरच्या तीन बाजूंना पाणी आहे. इथल्या एखाद्या उंच, दमदार मुलीला वयाच्या पंचविशीत, जिमच्या मशीनवर बसल्यावर, आपण या खेळासाठी घडलो होतो असे पहिल्यांदा कळावे, ही त्या मुलीची नव्हे, शहराची चूक ठरेल. मोजपट्टी, वही आणि घड्याळ या तीन वस्तूंनी ती टाळता येते.